हळू गाताना

लव्हाल, १२ जानेवारी २०१५

पप्पा,

हेरॉल्ड सांगत होता, माझा फोन आला की तुम्ही उठून वाडीत केळींना पाणी घालायला जाता. म्हणून पत्र लिहितेय. फोन वाजून थांबतो. पत्र टेबलावरून उचलून निदान बाजूला तरी ठेवावं लागतं.

माझं आणि लोईकचं लग्न झालं. पंधरा नोव्हेंबरला, इथल्या कोर्टात. आपल्याकडून चुलत्यांची क्लॅरिसा आणि तिचा नवरा ट्रेव्हर, टोरांटोजवळच्या रिचमंड हिलहून सहा तास गाडी चालवून आले. लोईकच्या बाजूने त्याच्या बँडचे दोघे. त्यांनी त्या दिवशी केस विंचरले होते, एवढं मी त्यांच्यासाठी म्हणू शकते. बर्फ पडत होतं. क्लॅरिसाने डब्यातून घरी तळलेल्या फुग्या आणल्या होत्या, त्या आम्ही पार्किंगमध्ये उभ्याने खाल्ल्या.

तुम्ही हेरॉल्डच्या फोनवर लोईकच्या बँडच्या जुन्या रेकॉर्डचं कव्हर पाहिलंत, जळक्या वाशांचा उलटा क्रूस, आणि म्हणालात, "कुत्र्यासारखं भुंकणाऱ्या माणसाच्या घरात जायचं असेल तर युनिसने परत या उंबऱ्यात पाय ठेवू नये." मी ते शब्द विसरलेले नाही. ते चित्र वाईट आहे. मीही लोईकला तसं सांगितलंय. तो म्हणाला, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि मला सगळ्यांनी घाबरायला हवं होतं. आता तो चौतीसचा आहे, आणि म्हाताऱ्यांच्या ज्या रेसिडन्समध्ये मी काम करते तिथल्या स्वयंपाकघरात दात नसलेल्यांसाठी गाजरं उकडून वाटतो. आमची भेट तिथेच झाली.

तो फ्रान्सचा, ब्रेस्ट नावाच्या बंदराचा. बँडचं नाव 'स्वी', फ्रेंचमध्ये धुराड्यातली काजळी. ते वाजवतात त्याला ब्लॅक मेटल म्हणतात. तुम्हाला आवडणार नाही. मलाही सुरुवातीला ते कुणीतरी गच्चीवरून पत्रे फेकत असल्यासारखं वाटलं होतं. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्याला विचारलं, "तुझा घसा फाटत नाही?"

तो म्हणाला, "घशातून ओरडायचंच नाही. घसा मोकळा सोडायचा. जोर पोटातून लावायचा."

मी म्हटलं, "माझे पप्पा गावी, गिरीजच्या चर्चमध्ये गायनमंडळाला एकतीस वर्षं हेच सांगतायत."

त्याने गंभीरपणे विचारलं, "तेही मेटलवाले?"

हे मी तुम्हाला हसवायला लिहिलं. हसला असाल असं वाटत नाही. पत्ता पाकिटावर मागे आहे.

युनिस


लव्हाल, २८ जून २०१५

पप्पा,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. ठीक आहे.

लोईक बँड घेऊन पंधरा दिवसांच्या दौऱ्यावर गेलाय. मी घरीच. माझी तब्येत जरा बरी नसते. गेल्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीत सुके बोंबील मिळाले, हौसेने आणले, आणि पिशवी उघडताच धावत वॉशरूम गाठावी लागली. शेजारच्या बाईला देऊन टाकले. काम कमी केलंय. दुपारी खिडकीत बसून मेपलच्या झाडाकडे बघत बसते. काळजीचं काही नाही. क्लॅरिसाचा फोन आला आणि ती काही बोलली, तर तिच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका.

मम्मीने आम्हाला लहानपणी घातलेली लोकरीची टोपरी अजून पेटीत आहेत का? सहज विचारतेय.

युनिस


लव्हाल, ९ फेब्रुवारी २०१६

पप्पा,

सात महिने लिहिलं नाही. कामात होते.

आज लिहितेय ते एका अडचणीसाठी. माझ्यासाठी नाही, लोईकसाठी. आणि प्रश्न गाण्याचा आहे, म्हणून तुमच्याशिवाय कुणाला विचारणार?

लोईकला आता ओरडता येत नाही. घशाचं दुखणं झालं. ख्रिसमसच्या आधी ते तिघं तालमीला जमले. पहिलं गाणं सुरू झालं, त्याची जागा आली, त्याने तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. सिल्वाँ म्हणजे त्यांचा ड्रमर, तो थांबला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लोईकने माइक खाली ठेवला आणि म्हणाला, "मला आत जाऊन ते आणता येत नाही."

तेव्हापासून तो बेसमेंटमध्ये वेगळंच काहीतरी करतो. त्याला शूगेझ म्हणतात. वाजवणारे मान खाली घालून आपल्याच बुटांकडे बघत असतात, कारण गिटारचा आवाज बदलणारी पेडल्स पायाखाली असतात. कसं सांगू तुम्हाला? रविवारी मिस्साला उशीर झाला की मी आणि हेरॉल्ड चर्चच्या मागच्या विहिरीपाशी पोहोचायचो आणि आत सगळं मंडळ गात असायचं. शब्द कळायचे नाहीत, कोण गातंय ते कळायचं नाही, नुसता भिंतीतून झिरपलेला आवाज. ते तसं आहे. गिटारी खूप मोठ्या आहेत, पण टोचत नाहीत. धुक्यासारख्या. आणि त्यांच्या मागे लोईक हळू गातो. अगदी हळू.

अडचण ही की हळू गायला लागला की त्याचा सूर उतरतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी. त्याला ते ऐकू येतं आणि तो चिडतो. बारा वर्षं ज्याने छपरं हलवली त्याला हळू गाणं येत नाही. मला आठवतं, गुड फ्रायडेच्या आधी तुम्ही मंडळाकडून याचीच तयारी करून घ्यायचा आणि सगळ्या बायका तुम्हाला कंटाळायच्या. ते काय होतं?

उत्तर मला देऊ नका हवं तर. नुसतं ते लिहून पाठवा.

युनिस


लव्हाल, १७ एप्रिल २०१६

पप्पा,

तुमचा कागद पोहोचला.

वर नाव नाही, खाली सही नाही. पण अक्षर तुमचं. वहीची ओळ सोडून तिरकं जाणारं, 'श्वास'चा श्वा मोठा. मी पाकीट फोडून जिन्यातच बसले. लोईक वर आला तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी गेलं.

"हळू म्हणजे कमी श्वास नव्हे. हळू गाताना मोठ्यापेक्षा दुप्पट आधार लागतो. ओठ मिटून, जीभ सैल ठेवून एकच सूर वीस मोजेपर्यंत धरावा. मग तोच सूर ओठ उघडून, आवाज न वाढवता. ओळीचा शेवट जवळ आला की माणूस मनातून आधीच खाली बसतो, म्हणून सूर बसतो. शेवटच्या अक्षराला उभं राहावं. रोज सकाळी, जेवणाआधी."

मी त्याचं फ्रेंच करून दिलं. तो रोज सकाळी करतो. 'शेवटच्या अक्षराला उभं राहावं' हे त्याने मार्करने बेसमेंटच्या भिंतीवर लिहून ठेवलंय, आणि तिथे पोहोचला की खरोखर टाचा उचलतो.

तुम्ही खरं उत्तर दिलंत आणि मी तुम्हाला खोटा प्रश्न विचारला होता. त्याच्या घशाला काही झालेलं नाही.

आम्हाला मुलगी झाली होती, पप्पा. तीन सप्टेंबरला. पंचविसाव्या आठवड्यात. माझं ब्लडप्रेशर एवढं चढलं की डॉक्टरांनी थांबू दिलं नाही. तिचं वजन सातशे वीस ग्रॅम होतं. मी दोन दिवस शुद्धी-बेशुद्धीत. पहिले दोन दिवस तिच्याजवळ लोईकच होता.

त्या वॉर्डात भिंतीवर प्लास्टिकचा एक कान लावलेला होता. ताटाएवढा. खोलीत शांतता असेल तर तो हिरवा. कुणी जरा मोठ्याने बोललं की पिवळा. खुर्ची सरकली, ट्रे पडला, की लाल. एवढ्या लहान बाळांना आवाज दुखतो, नर्सने सांगितलं. त्यांच्या अंगातला ऑक्सिजन उतरतो. लोईक आत पहिल्यांदा गेला आणि त्याच्या जड बुटांनी कान पिवळा झाला. त्याने तिथेच बूट काढले. पुढचे एकेचाळीस दिवस तो त्या खोलीत मोज्यांवर वावरला.

तो तिच्याशी बोलायचा नाही. ओठ मिटून गुणगुणायचा, एक डोळा कानावर ठेवून. पिवळा होण्याच्या अगदी अलीकडे थांबायला शिकला. तिचा हात त्याच्या करंगळीच्या पेराएवढा होता. काचेच्या पेटीच्या भोकातून तो बोट आत घालायचा आणि गुणगुणायचा, आणि मशीनवरचा आकडा चढायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. ब्याऐंशीवरून नव्वद. नव्वदवरून चौऱ्याण्णव.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, रात्र कठीण आहे. मी शुद्धीत नव्हते. लोईकने क्लॅरिसाला फोन केला. "युनिस जागी असती तर तिने काय केलं असतं?" क्लॅरिसा म्हणाली, बाप्तिस्म्याचं पाणी. प्रीस्ट यायला वेळ असेल तर कुणीही देऊ शकतं, तूसुद्धा. त्याने नर्सकडून सिरिंजमध्ये शुद्ध पाणी घेतलं आणि तिच्या डोक्यावर तीन थेंब सोडले. फोनवर क्लॅरिसा सांगत गेली, तो कुजबुजत म्हणत गेला. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. कान हिरवाच राहिला म्हणे.

नाव मम्मीचं ठेवलं. मार्था.

ती रात्र तिने काढली, आणि पुढच्या पुष्कळ. चौदा ऑक्टोबरला सकाळी आतड्याला इन्फेक्शन झालं आणि दुपारी सगळं संपलं. मशीनं काढल्यावर त्यांनी तिला माझ्या छातीवर दिलं. लोईक तेव्हाही गुणगुणतच होता. मी त्याला म्हटलं, "आता मोठ्याने गायलास तरी चालेल." त्याला जमलं नाही.

तुम्हाला का सांगितलं नाही, ते लिहायचंच तर लिहिते. मला वाटलं, तुम्ही म्हणाल की ही त्या उलट्या क्रुसाची शिक्षा. तुम्ही म्हणाला नसता कदाचित. पण मनात जरी आलं असतं तरी मला ते इथे ऐकू आलं असतं.

युनिस


रिचमंड हिल, २० नोव्हेंबर २०१६

पप्पा,

एप्रिलच्या पत्राला उत्तर आलं नाही. मे महिनाभर मी टपालपेटी दिवसातून दोनदा उघडत होते. मग सोडलं.

वरचा पत्ता बघून कळलंच असेल. मी क्लॅरिसाकडे आलेय. तीन आठवडे झाले. तुम्ही बरोबर होता असं म्हणायला मी हे लिहीत नाहीये.

बँडची नवी गाणी तयार झाली होती. रेकॉर्ड यायची होती, त्याआधी त्यांनी टोरांटोत कार्यक्रम ठेवला. संध्याकाळचा, छोट्या हॉलमध्ये, तीनशे माणसं. क्लॅरिसा आणि ट्रेव्हर आले होते. क्लॅरिसाने चर्चचे कपडे घातले होते. आजूबाजूला सगळे काळे टी-शर्ट, त्यावर जुनं कव्हर. ती माझ्या कानात म्हणाली, "हे सगळे त्याचं जुनं ऐकायला आलेत गं."

खरं होतं. दुसऱ्या गाण्याला कुणीतरी ओरडलं, "स्क्रीम!" मग दहा-बारा जण. "स्क्रीम! स्क्रीम!" लोईक मान खाली घालून वाजवत राहिला. बिअरचा एक भरलेला ग्लास येऊन त्याच्या पेडल्सवर फुटला, तो मोज्यांवर उभा होता, मोजे भिजले. सिल्वाँ ड्रम सोडून उठला आणि सरळ निघून गेला. नंतर त्याने मेसेज केला की बारा वर्षांत ज्यांनी आपल्याला जेवायला घातलं त्यांना तू अंगाई ऐकवतोयस.

मला त्याच्याबद्दल इतकं वाईट वाटत होतं की मी स्टेजच्या कडेला जाऊन उभी राहिले. तो माझ्याकडे बघून हसला. शेवटचं गाणं त्याने मला घरी कधीच ऐकवलं नव्हतं. "ते तू तिथे ऐक," एवढंच म्हणाला होता.

गाणं सुरू झालं. आधी नुसता बुडबुड आवाज. पाण्याच्या नळीतून हवा जावी तसा. बुड-बुड, बुड-बुड. लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. मला पहिल्याच क्षणी कळलं. मार्थाच्या नाकातल्या नळीची हवा पाण्याच्या बाटलीतून जायची, तो तो आवाज होता. तिचा श्वास. त्याने वॉर्डात फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता आणि मला सांगितलं नव्हतं. हातात बिअर घेतलेली तीनशे माणसं आणि मधे माझं सातशे वीस ग्रॅमचं पोर.

मी बाहेर पडले. क्लॅरिसा मागून धावत आली. लोईक कार्यक्रम संपवून पार्किंगमध्ये आला तेव्हा मी गाडीत बसले होते. तो काचेपाशी वाकून म्हणाला, "तुझ्यासाठी होतं ते."

मी म्हटलं, "मग मला दिलं असतंस. त्यांना का दिलंस?"

तो म्हणाला, "माझ्याकडे दुसरं काही नाही, युनिस. एवढंच आहे."

मी म्हटलं, "माझ्याकडे तर तेवढंही नव्हतं. तू ते खिशात घालून एक वर्ष माझ्यासमोर जेवत होतास."

ट्रेव्हरने गाडी सुरू केली.

इथे क्लॅरिसाची मुलं माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलतात आणि आई नसली की विचारतात, "आर यू स्टेइंग?" मला माहीत नाही. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये काम मिळालंय. सकाळी बस पकडते, म्हाताऱ्यांना अंघोळी घालते, परत येते. लोईक रोज एक मेसेज करतो. मी वाचते.

युनिस


रिचमंड हिल, ५ मार्च २०१७

पप्पा,

तुम्ही त्याला पत्र लिहिलंत. मला नाही, त्याला.

गेल्या शनिवारी सकाळी खूप बर्फ पडलं होतं. ट्रेव्हर चहा घेत खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, "बाहेर कुणीतरी आपला ड्राइव्हवे शोव्हल करतोय." लोईक होता. लव्हालहून रात्रीच निघून आला होता आणि बेल वाजवायचा धीर होईना म्हणून फावडं घेऊन कामाला लागला होता. ट्रेव्हरने त्याला आत घेतलं. दाढीला बर्फ लागलेलं. त्याने कोटाच्या आतून तुमचं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

तुमचं इंग्रजी मी मराठीत लिहून काढलं. स्वतःसाठी. इंग्रजीत ते मला तुमच्या आवाजात ऐकू येत नव्हतं.

"मिस्टर लोईक, तुम्हाला हळू गायला का शिकायचं आहे हे कळायच्या आधी मी तुम्हाला ते शिकवलं. तुमची मुलगी गेल्याचं मला युनिसच्या पत्रातून कळलं. मी दहा महिने उत्तर लिहिलं नाही. दरम्यान ती घर सोडून गेल्याचं कळलं. म्हणून आता लिहितो. हेरॉल्डच्या आधी मला एक मुलगा झाला होता. १९७७ साली. तो दोन दिवस जगला. सुईणीने त्याच्या डोक्यावर पाणी घातलं. त्याला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता, गायनमंडळाची तालीम होती. मी गेलो. त्या दिवशी मी फार चांगलं गायलो. लोक म्हणाले, काय याची श्रद्धा. ती श्रद्धा नव्हती. घरात माझी बायको होती आणि मला तिच्यासमोर बसवत नव्हतं. आमच्या मंडळात सगळ्यांत गोड आवाज तिचा होता. त्यानंतर ती कधीही गायली नाही. मी तिला एकदाही विचारलं नाही. ज्याच्याजवळ संगीत असतं त्याला घरातून बाहेर पडायला एक दार जास्त असतं. जो आत राहतो त्याला नसतं. तुम्ही त्या दाराने बाहेर गेलात आणि तुमच्या मुलीलाही घेऊन गेलात. तिला परत आणा आणि तिच्या आईजवळ द्या. हे मी धर्माचं सांगत नाही."

पप्पा, मम्मी गेली तोवर तिला गाता येत नाही असंच आम्ही समजत होतो. चर्चमध्ये ती नुसते ओठ हलवायची. हेरॉल्ड तिला चिडवायचा. मीही.

मी पत्र खाली ठेवलं तेव्हा क्लॅरिसा मुलांना घेऊन वर गेली होती. लोईक म्हणाला, "रेकॉर्ड अजून छापायला दिलेली नाही. तू सांगशील तसं."

मी त्याला म्हटलं, मला ते एकटीला ऐकू दे. गॅरेजमध्ये ट्रेव्हरच्या गाडीत बसून ऐकलं. सात मिनिटं. तिचा श्वास, मग गिटारी हळूहळू वर येतात, आणि मधे लोईक गुणगुणतो. सूर कुठेही उतरत नाही. शेवटच्या अक्षराला तो उभा राहिलाय, ते ऐकू येतं. चांगलं आहे पप्पा. फार चांगलं आहे. म्हणून जास्त राग आला. मी दोनदा ऐकलं आणि आत येऊन सांगितलं, "तिचा आवाज काढ. बाकी सगळं राहू दे."

तो म्हणाला, "काढला तर गाणं पांगळं होईल."

मी म्हटलं, "होऊ दे. आपणही झालोय."

त्याने मान डोलावली. खिशातून फोन काढून त्यातला तो आवाज माझ्या फोनवर पाठवला आणि स्वतःच्या फोनमधून, माझ्यासमोर, पुसून टाकला. मी तसं करायला सांगितलं नव्हतं. आता तो फक्त माझ्याकडे आहे. मी अजून उघडलेला नाही.

त्याच्याबरोबर लगेच गेले नाही. ईस्टरनंतर जाईन म्हटलं. तुम्हाला राग आला असेल तर येऊ दे, पण तुमच्या पत्रासाठी मी तुम्हाला थँक्यू म्हणणार नाही. हे पत्र चाळीस वर्षांपूर्वी मम्मीला हवं होतं.

असं लिहून टाकलं. खोडत नाही.

युनिस


लव्हाल, १२ नोव्हेंबर २०१७

पप्पा,

हेरॉल्ड, हे तू मोठ्याने वाच आणि मधे तुझं काही घालू नको. पप्पांना बोलता येत नसलं तरी ऐकू सगळं येतं, असं डॉक्टर म्हणालेत.

पप्पा, मे महिन्यात तुम्हाला अर्धांगाचा झटका आला त्याच आठवड्यात मी यायला निघाले होते, पण माझी रेसिडेन्सीची कागदपत्रं नूतनीकरणात अडकली. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. ती आता आली. जानेवारीत आम्ही दोघंही येतोय. लोईक तुमच्या उंबऱ्याबाहेर उभा राहील म्हणतो. मी त्याला सांगितलंय, बाहेर उभा राहिलास तर शेजारच्या बायका तुला आत ढकलतील.

रेकॉर्ड सप्टेंबरात आली. कव्हरवर नुसता राखाडी रंग आहे. जुन्या लोकांनी पुष्कळ शिव्या दिल्या. नवे थोडे आले. सिल्वाँ परत आला नाही. त्याच्यामागे तिसराही गेला, आता बँड म्हणजे लोईक आणि ड्रम वाजवणारं एक मशीन. तो परत गाजरं वाटायला जातो. मार्थाचा आवाज काढलेलं गाणं खरंच थोडं लंगडतं. मधे एक जागा रिकामी येते. मला ती ऐकू येते, त्यालाही येते. आम्ही त्यावर बोलत नाही.

तुम्हाला सांगायचं आहे ते गेल्या रविवारचं. इथल्या चर्चमध्ये सर्व मृतांच्या दिवसानंतरच्या रविवारी, ज्यांची आठवण करायची त्यांची नावं प्रीस्ट वाचून दाखवतात. चिठ्ठी लिहून टोपलीत टाकायची. मला मार्थाचं नाव द्यायचं होतं, आणि तुमच्या मुलाचं. तेव्हा लक्षात आलं की त्याचं नावच मला माहीत नाही. मार्चमध्ये मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तेव्हा तुम्ही सांगू शकत होता. मी माझ्याच रागात होते.

हेरॉल्डला फोन केला. त्याने चर्चचं रजिस्टर पाहिलं, त्यात नोंद नाही. आग्नेस आत्याला विचारलं, तिला एवढंच आठवतं की काहीतरी नाव ठेवलं होतं. म्हणजे ते नाव आता जगात फक्त तुमच्याकडे आहे.

मग चिठ्ठीवर लिहायचं काय? लोईकने विचारलं, "तो मार्थाचा कोण?"

मी म्हटलं, "मामा."

फ्रेंचमध्ये मामा आणि काका दोघांना एकच शब्द. त्याला तो पुरेसा वाटला नाही. त्याने आपल्या हाताने फ्रेंचमध्ये लिहिलं, "मार्था आणि तिचा मामा," आणि 'मामा' तसाच ठेवला.

प्रीस्ट म्हातारे आहेत, चष्मा पुसत पुसत वाचतात. आमची चिठ्ठी आली. ते जरा अडखळले, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, आणि मग चूक सुधारल्यासारखं स्पष्ट वाचलं, "मार्था ए सा मामाँ." मार्था आणि तिची आई.

फ्रेंचमध्ये मामाँ म्हणजे आई.

सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. लोईक पांढरा पडला. मागच्या बाकावरच्या एका आजींनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बिचारा, बायको आणि मूल दोन्ही गेलं. आणि मी त्याच्या शेजारी, लाल कोट घालून, जिवंत. पप्पा, मला हसू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. तोंडावर हात दाबला तरी थांबेना. मग लोईकलाही आलं. त्या आजींना काही कळेना. हसता हसता मी कधी रडायला लागले ते मला कळलं नाही, आणि मी हळू रडत नव्हते. सगळे वळून बघत होते. लोईकने मला गप्प केलं नाही.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुझ्या भावाचं नाव पुढच्या वर्षी देऊ."

हेरॉल्ड सांगतो की तुम्ही डाव्या हाताने पाटीवर अक्षरं काढायला लागलाय. पहिल्या दिवशी 'पाणी' लिहिलंत. मग 'ऊन'. घाई नाही, पप्पा. हात दुखला तर थांबा. एक एक अक्षर काढा. पुसलं गेलं तर हेरॉल्ड पाटी परत तुमच्या हातात देईल. आम्ही जानेवारीत येऊ तेव्हा पाटीवर एखादं अक्षर असेल तर मी तुमच्याजवळ बसेन आणि पुढचं व्हायची वाट बघेन.

तुमची,
युनिस